मतदान यंत्र : नवे तंत्र आणि सामान्य मतदार

नवे तंत्र हाती आले की ते तत्काळ सर्वत्र लागू करावे, असा मोह यंत्रज्ञांना आणि कित्येकदा प्रशासनासही होतो. परंतु यंत्र वापरणारा कोण, तो ते कोणत्या परिस्थितीत वापरणार आणि आपले काम यथायोग्य झाले हे त्यास कसे उमगणार, हे प्रश्न आधी सोडवावे लागतात. आपल्या मतदान यंत्राचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

हैदराबाद येथील इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने बनविलेला नमुना १९८० मध्ये राजकीय पक्षांच्या प्रतिनिधींस दाखविण्यात आला. मे १९८२ मध्ये केरळातील परवूर मतदारसंघाच्या ५० केंद्रांवर त्याचा उपयोग झाला. कायद्यात तशी तरतूद नसल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तेथील मतदान अवैध ठरविले व मतपत्रिकांवर फेरमतदान घ्यावे लागले. आवश्यक तरतूद १९८८ च्या दुरुस्तीने झाली. १९९८ मध्ये १६ विधानसभा मतदारसंघांत, १९९९ मध्ये संपूर्ण गोवा राज्यात आणि २००४ मध्ये देशभर लोकसभेसाठी यंत्रे वापरली गेली. हा विलंब तेव्हा अनेकांस खटकला असेल; तथापि तो वाया गेला नाही.

यंत्राच्या बाह्यरूपाची आखणी मुंबईच्या भारतीय तंत्रशास्त्र संस्थेतील औद्योगिक आरेखन केंद्राच्या अध्यापकांनी केली. तीत नावीन्याचा सोस नाही. मतदाराच्या परिचयाची छापील मतपत्रिकाच यंत्रावर बसविली जाते. नावे व चिन्हे एकाखाली एक असतात. ज्यास अक्षरओळख नाही, तो पूर्वीप्रमाणेच चिन्ह शोधतो. शिक्का मारण्याऐवजी निळे बटन दाबावयाचे, एवढाच काय तो फरक. बटन दाबताच शेजारी तांबडा दिवा लागतो आणि दीर्घ ध्वनी होतो. तो ध्वनी केंद्रावरील कर्मचाऱ्यांसही ऐकू येतो, मत कोणास दिले हे मात्र कळत नाही. यंत्र बॅटरीवर चालते, म्हणून गावात वीज असो वा नसो, काम अडत नाही. दृष्टिहीनांसाठी पुढे बटनांलगत ब्रेल अंक आले.

तरीही एक शंका उरली. दिवा लागला, पण मत हव्या त्याच उमेदवाराच्या नावे नोंदले गेले काय? जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २००९ मध्ये तेथील यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरविला, तो नेमक्या याच मुद्द्यावर : विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकास मतदानाचे मुख्य टप्पे पडताळता आले पाहिजेत. आपल्याकडे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टप्प्याटप्प्याने कागदी पडताळणी आणण्याचा आदेश दिला. त्यानुसार छापील चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते व पेटीत पडते. २०१७ मध्ये गोव्यातील सर्व ४० मतदारसंघांत ही सोय होती. सात सेकंद पुरेसे वाटतात. चष्मा घरी विसरलेल्या वृद्धास विचारले, तर उत्तर निराळे मिळेल.

२०२२ च्या अखेरीस निवडणूक आयोगाने परगावी राहणाऱ्या मतदारांसाठी दूरस्थ मतदान यंत्राची कल्पना मांडली. एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघ सामावावेत आणि छापील कागदाऐवजी पडद्यावर बदलती यादी दिसावी, अशी ती योजना होती. अशी यादी मतदाराने प्रथमच मतदानाच्या दिवशी पाहिली आणि तो गोंधळला, तर ती समजावून देण्यासाठी केंद्राध्यक्षास आडोशामागे जाता येत नाही.