दात मोजल्याशिवाय सौदा नाही

भाच्या, एकतीस इंची टायर टाकल्यापासून तुझी जीप उठून दिसते खरी, पण चढाला उठत नाही. परवा आलास तेव्हा अंगणभर क्लचप्लेटचा करपट वास सुटला होता. तू म्हणालास, इंजिन म्हातारं झालं. इंजिनाला धाड भरलेली नाही. चाक मोठं केलंस आणि दात होते तेवढेच ठेवलेस, दुखणं तिथे आहे. माझे वस्ताद मला सांगून गेले ते तुला सांगतो. नंतर विचारायला येऊ नकोस, आत्ताच ऐकून ठेव.

तुझे पणजोबा बैलबाजारात गेले की आधी बैलाचा जबडा उघडायचे. दुसा, चौसा की जुळलेला, हे बघितल्याशिवाय किमतीची बोलणी नाहीत. जीपचंही तेच. डिफ्रन्शियलचं झाकण काढ आणि दात मोज. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात, हा झाला रेशो. पिनियनला ८ आणि क्राऊनला ३९ असतील तर ४.८८. आठाला ४३ असतील तर ५.३८. अकराला ४७ असतील तर ४.२७. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला ४.८८ होता, युद्धानंतर शेतीच्या कामासाठी म्हणून विकलेल्या सीजे जीपला ५.३८ दिला. पुढे कुणी हायवेला पळावी म्हणून बदलला, कुणी मिळाला तो बसवला. मधल्या मालकाने काय केलं ते आरसी बुकात लिहिलेलं नसतं, म्हणून ऐकीव आकड्यावर जाऊ नकोस.

झाकण काढायचं नसेल तर दुसरी रीत आहे. पुढच्या चाकांना दगड लाव, गिअर न्यूट्रलला ठेव, हँडब्रेक सोड आणि मागचं एकच चाक जॅकवर उचल. ते हाताने बरोबर दोन फेरे फिरव आणि प्रॉपेलर शाफ्टचे फेरे मोज. पाचाला जरा कमी भरले तर ४.८८, पाच होऊन वर तिसरा हिस्सा गेला तर ५.३८. दोन फेरे कशाला? दुसरं चाक जमिनीवर अडकलेलं असतं, म्हणून उचललेलं चाक दोनदा फिरतं तेव्हा क्राऊन एकदाच फिरतो.

टायरवर छापलेल्या इंचांवरही विसंबू नकोस. गाडीच्या वजनाखाली टायर दबतो. हवा नेहमीइतकी भर, टायरच्या तळाशी खडूची रेघ मार, गाडी सरळ ढकल आणि रेघ पुन्हा खाली येईपर्यंत जमिनीवर टेप लाव. तुझ्या जीपचं मी मोजलंय. जुना टायर एका फेऱ्यात २.२० मीटर जायचा, नवा २.४३ मीटर जातो.

आता हिशेब. तुझा आत्ताचा रेशो ४.८८. त्याला नव्या फेऱ्याने गुण आणि जुन्या फेऱ्याने भाग. उत्तर येतं ५.३९. म्हणजे जो आठ-त्रेचाळीसचा जोड लोक हायवेच्या हौसेपायी काढून भंगारात घालतात, तोच तुला हवा आहे. दुकानात मात्र ‘वरचा दे’, ‘खालचा दे’ असं बोलू नकोस. आकडा वाढला की गिअर जड ओढतो आणि धाव कमी होते. यात मुरलेली माणसंही उलटसुलट बोलतात. ‘आठ-त्रेचाळीस’ असंच माग.

मनाची खात्री करायला वस्तादांनी एक सोपी युक्ती दिली होती. ताशी साठ म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. किलोमीटरला चाक जितके फेरे घेतं, त्याला रेशोने गुणलं की टॉप गिअरमधले इंजिनाचे फेरे मिळतात. जुन्या टायरवर ते साधारण २,२२० होते. नुसता टायर बदलल्यावर २,०१० वर आले. ५.३८ टाकलास की परत २,२१०. हे दोनशे फेरेच तू घाटात हरवून बसलायस. पाचवा ओव्हरड्राइव्ह गिअर असेल, तर आलेल्या आकड्याला त्या गिअरच्या रेशोने आणखी गुणायचं.

आता स्वतःला विचार, गाडी चालते कुठे. वरंधा, ताम्हिणी आणि पावसाळ्यातला कोकणचा लाल चिखल हेच तुझं रान असेल, तर हिशेबापेक्षा एक पायरी जास्त घेतलीस तरी चालेल. फर्स्ट लोमध्ये गाडी मुंगीच्या पावलाने चढेल, उताराला इंजिन तिला धरून ठेवेल आणि क्लच वाचेल. पण महिन्यातले वीस दिवस पुणे-कोल्हापूर करणार असशील, तर हिशेबाला येतो तेवढाच ठेव. ५.३८ वर ताशी ऐंशीला इंजिन २,९५० च्या आसपास फिरेल. जुन्या डिझेलला त्यापुढे दामटणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला शर्यतीत जुंपणं. मित्राने काय बसवलं ते बघू नकोस. त्याचं इंजिन वेगळं, त्याची वाट वेगळी.

आता जे सांगतो ते विसरलास तर सगळं पाण्यात. फोर-बाय-फोरला पुढे आणि मागे एकच रेशो लागतो. पैसे वाचवायला नुसता मागचा बदललास आणि फोर-व्हील लावलंस, तर दोन्ही शाफ्ट एकमेकांशी भांडत बसतील. चिखलात चाक घसरून सुटका होते, कोरड्या रस्त्यावर ट्रान्सफर केस नाहीतर जॉइंट जातो.

क्राऊन-पिनियन जोडीनेच घे. एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन हा संसार टिकत नाही. बसवताना बॅकलॅश डायल गेजवर बघायला लाव, कंपनीच्या मापात पाहिजे. दातांना निळा रंग लावून फिरवायचा. डाग दाताच्या मधोमध उमटला तर शिम बरोबर बसल्या. जो मिस्त्री ‘हाताला कळतं’ म्हणतो त्याला नमस्कार कर आणि पुढे जा. बेअरिंग, सील नवे टाक, तेल हायपॉइड गिअरचंच भर. पहिल्या दिवशी वीसेक मिनिटं हलकी चालवून गाडी पूर्ण थंड होऊ दे. आठशे किलोमीटरपर्यंत ओझं नाही, ट्रेलर नाही; त्यानंतर तेल बदल. गाडी घुबडासारखी घुमायला लागली तर आवाज वाढवून गाणी लावू नकोस, परत उघड.

स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसवरून येते, त्यामुळे आज काटा साठ दाखवतो तेव्हा तू सहासष्टने पळत असतोस. रेशो बदलला की तोही ताळ्यावर येईल. ब्रेक मात्र येणार नाहीत. मोठं जड चाक थांबायला जास्त जागा घेतं, तेव्हा लायनर आणि ड्रम आधी बघून घे. आणि मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ लक्षात असू दे. कंपनीच्या मापाबाहेरचा टायर आरटीओ आणि विमावाला दोघांनाही खुपतो, त्यांना आधी विचार.

टायर विकणारा तुला फक्त टायरची किंमत सांगतो. खरी किंमत म्हणजे चार टायर, दोन क्राऊन-पिनियन आणि चांगल्या मिस्त्रीची मजुरी. तेवढे खिशात नसतील तर जुनेच टायर बरे.