चुकलेली उत्तरं टिपून ठेव

पार्सिपनी, न्यू जर्सी

चि. मुक्तास,


मानसशास्त्रज्ञ पियाजेच्या बालविकासाच्या चारही अवस्था वयासकट पाठ झाल्याचं कळवलंस. टीईटीला, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेला, बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राचे मिळून ३० गुण असतात, तेव्हा पाठ हव्यातच. पण वर्गात पाऊल टाकल्यावर 'हा सात वर्षांचा, म्हणजे अमुक अवस्थेतला' असा शिक्का मारू नकोस. पियाजे तरुणपणी पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांचं काम करत होता. त्याचं लक्ष गेलं ते चुकलेल्या उत्तरांकडे. एका वयाची मुलं साधारण सारखीच कशी चुकतात? पुढचं त्याचं सगळं काम या प्रश्नातून निघालं. आपण मात्र त्याचा तक्ता करून भिंतीवर लावला!

इथे रविवारच्या मराठी वर्गात लहान गट माझ्याकडे असतो. परवा पाच वर्षांची एक मुलगी चित्र दाखवत म्हणाली, "मी करलं." मदतीला बसलेल्या एक आई पटकन म्हणाल्या, "करलं नाही, केलं म्हण." पोर गप्प. आता बघ, 'करलं' तिला घरात कोणी शिकवलेलं नाही. बसलं, पडलं, रंगवलं ऐकून तिनं आपला आपण नियम बसवला आणि इथेही लावला. तुमच्या सिन्नरच्या बालवाडीतही हेच ऐकशील. मी एवढंच म्हटलं, "अगं, हे सगळं तू केलंस? अजून काय काय केलंस?" ती म्हणाली, "घर केलं, झाड केलं आणि सूर्य करला." सूर्याचं पुढच्या रविवारी बघू.

मूल एकट्यानं काय करतं तेवढंच मोजू नका, जाणत्याच्या साथीनं कुठवर जातं तेही बघा, हे मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्कीचं म्हणणं. तो पियाजेच्याच वर्षी, १८९६ साली जन्मला आणि सदतिसाव्या वर्षी क्षयानं गेला. साथ किती द्यायची आणि कधी काढून घ्यायची, ते मात्र तुझं तुलाच ठरवावं लागेल.

आणि ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांना परीक्षेपुरत्या दोन ओळींत उरकू नकोस. १९४५ साली बोर्डीला त्यांचं बालशिक्षणाचं काम सुरू झालं. आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात. त्यांनी मुलांना नावं ठेवली नाहीत, बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. सरकारी योजना त्यानंतर तीस वर्षांनी आली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. माँटेसरीची साधनं परवडणारी नव्हती, तर बिया, खडे, शंख-शिंपले घेतले. मुलाला 'येत नाही' म्हणण्याआधी आपली मांडणी तपासायची, हे मला पियाजेपेक्षा या दोघींकडून जास्त कळलं.

सराव पाठ सुरू झाले की पाठ टाचणाच्या वहीत मागची चार पानं कोरी ठेव. मूल चुकलं की त्याचे शब्द जसेच्या तसे उतरव, दुरुस्त करून नको. मग शेजारी लिही, असं म्हणायला त्यानं काय विचार केला असेल. पहिलं पान भरलं की फोटो काढून मला पाठव.

ताईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी