लाकडी पाटीचा भाव फुटावर सांगू नका

"भाऊ, फुटाचा भाव काय?" उमरेडात पाटीचं काम घेऊन आलेलं गिऱ्हाईक आधी हेच विचारतं. ही सवय फ्लेक्सने लावली. फ्लेक्सवर चार अक्षरं असोत की चाळीस, मशीनला फरक पडत नाही. सागवानाच्या फळीवर सँडब्लास्टिंग करून काढलेल्या पाटीचं तसं नाही.

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ साली जाहीर झालं. गेटांच्या वाटेवर रिसॉर्ट उभे राहिले आणि जंगलाला शोभेल अशी लाकडी पाटी मागणारे लोक आले. फळीवर रबराचा स्टेन्सिल चिकटवायचा, अक्षरं झाकलेली ठेवायची आणि कॉम्प्रेसरच्या दाबाने उघड्या लाकडावर खरखरीत कणांचा मारा करायचा. लाकडाचा मऊ भाग उडतो, कडक रेषा राहतात, अक्षरं उठून दिसतात. फार देखणं काम आहे, माझा जीव अजूनही त्यात आहे. पण अशाच एका रिसॉर्टच्या पाट्या मी फुटाला १,५०० रुपयांनी घेतल्या आणि पदरचे पैसे घालून पूर्ण केल्या. तो हिशेब नव्या मुलांनी नीट पाहावा.

चार फूट बाय दोन फूट, दोन इंच जाडीची पाटी घ्या. क्षेत्रफळ आठ चौरस फूट, म्हणजे मिळणार १२,००० रुपये. लाकूड भरतं १.३३ घनफूट, पण तेवढंच आणून भागत नाही. गाठी, भेगा, रंधा आणि कडेचं पांढरं लाकूड काढून टाकावं लागतं, कारण उदई आधी तेच खाते. घटीपोटी ४० टक्के जादा लाकूड धरलं तर सुमारे १.९ घनफूट. नागपूरच्या लकडगंजात चांगल्या सागवानाला घनफुटाला ४,००० रुपये पडले असं धरा, तर ७,६०० रुपये लाकडातच गेले. तीन दिवसांची मजुरी २,४००, स्टेन्सिल ८००, माऱ्याचा माल १,०००, प्रायमर आणि रंग १,२००, नेऊन बसवणं १,०००. बेरीज १४,०००. यात गाळ्याचं भाडं नाही, कॉम्प्रेसरची झीज नाही आणि स्वतःची कमाईही नाही. तुमच्याकडचे दर वेगळे असतील, पण मांडणी हीच ठेवा: आधी लाकूड, मग तास, मग माल, मग झीज आणि शेवटी नफा.

विजेची काळजी सगळे करतात. पाच एचपीची मोटर तासाला साधारण चार युनिट खाते, तो खर्च सोसतो. सोसत नाही तो वेळ. पाच एचपीच्या कॉम्प्रेसरची हवा इंचाच्या आठव्या हिश्श्याएवढ्या नोझललाच जेमतेम पुरते. पाव इंची नोझल लावलं की दाब पडतो आणि मुलगा टाकी भरायची वाट पाहत बसतो. देवदारासारखं मऊ लाकूड भराभर खोदलं जातं, सागवान दमवतं. ऐनासारख्या घट्ट लाकडाच्या वाटेला तर पाटीसाठी जाऊच नका. म्हणून मारा करण्याचे तास आधी उरलेल्या तुकड्यावर मोजा आणि मगच भाव सांगा.

अक्षरांचा भावही वेगळा धरा. दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात, ही तरतूद दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने लहान दुकानांनाही लागू झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा पाटीवाल्यांकडे एकच गर्दी उसळली. देवनागरी या कामाला अवघड आहे. अनुस्वाराचा टिंब, रफार, उकाराचं शेपूट हे स्टेन्सिलचे चिमुकले तुकडे असतात. माऱ्यात ते उडाले की "चंद्रपूर"चं "चद्रपूर" होतं आणि गेलेलं लाकूड परत येत नाही. टिंब बोटाच्या पेरापेक्षा लहान ठेवू नका, बारीक टोकांचा फाँट नाकारा. सागवान तेलकट असतं, म्हणून स्टेन्सिल लावण्याआधी फळी थिनरने पुसा. जोडाक्षरं जास्त असतील तर जास्त पैसे मागा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आपल्याकडचा मे महिना आणि त्यामागून येणारा पावसाळा एकसंध रुंद फळीला वाकवतो. चार-पाच इंची पट्ट्या पाण्यात न सुटणाऱ्या गोंदाने जोडा. मागची बाजूही रंगवा. स्क्रूची भोकं लांबट ठेवा, लाकडाला हलायला जागा हवी. लाकूड पुरतं वाळलेलं घ्या आणि पावती जपून ठेवा. सागवान वाहून नेताना वनखात्याचा परवाना कुठे लागतो, हे निघण्याआधी विचारून घ्या.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. भाव पाडला की पहिली काटछाट माऱ्याच्या मालात होते. गार्नेट किंवा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड महाग वाटतं, कन्हान नदीची वाळू स्वस्त पडते. वाळूत सिलिका असते. नोझलमधून सुटून ती फुटते, तिची डोळ्यांना न दिसणारी धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. ब्रिटनने कारखान्यांतला वाळूचा असा मारा १९५० च्या सुमारास बंद केला. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यानेही सिलिकोसिस कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत घातला. तरी गाळ्यांमध्ये तोंडाला दुपट्टा बांधून वाळू मारणारी पोरं दिसतात. दुपट्ट्याने ही धूळ अडत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारं हेल्मेट आणि धूळ ओढणारी बंद खोली यांचा खर्च पाटीच्या भावातच धरा. गिऱ्हाईक तेवढे द्यायला तयार नसेल तर त्याला रंगाने लिहिलेली पाटी करून द्या, तीही सुंदर होते.

आणि ज्यांनी आजवर वाळू मारली आहे त्यांना हात जोडून सांगतो. खोकला, दम लागत असेल तर छातीचा एक्स-रे काढा आणि डॉक्टरांना आपला धंदा आपणहून सांगा. सिलिकोसिसचे डाग टीबीसारखे दिसू शकतात, सिलिकोसिस झालेल्याला टीबी होण्याचा धोकाही जास्त असतो. तुम्ही वाळू मारत होता हे कळलं, तरच डॉक्टर दोन्ही तपासतील.