जाम झालेले इंजिन कसे उघडतात?

"इंजिन जाम झालं" असे आपण गॅरेजपाशी पुष्कळदा ऐकतो. म्हणजे नेमके काय होते? सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली सरकतो व त्यामुळे क्रँक फिरतो. पिस्टन अडकला की सगळेच थांबते.

पिस्टन अडकतो तो बहुधा उष्णतेने किंवा गंजाने. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडर बिडाचा असतो. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. म्हणून तेल-पाणी संपले असताना गाडी दामटली की पिस्टन आतल्या आत आवळला जातो. गंजाचे निराळे. लोखंड गंजले की ते जास्त जागा व्यापते, आणि रिंगा सिलिंडरला चिकटून बसतात.

बिबवेवाडीला माझ्या काकांच्या शेडमध्ये जुन्या टाटा ट्रकचे सहा सिलिंडरचे इंजिन होते. (टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी करार करून ट्रक बनवायला घेतले. तो करार १९६९ साली संपला, तरी म्हातारे ड्रायव्हर अजून 'मर्सिडीज'च म्हणतात!) एअर फिल्टर काढलेला आणि वरचा पत्रा गळका. एका पावसाळ्यात इंजिन जाम झाले. भंगारवाला दोनदा येऊन गेला. पण काकांना गाडी पुन्हा मार्केट यार्डाच्या भाड्याला लावायची होती, आणि दुसऱ्या इंजिनाला पैसे नव्हते.

मिस्त्रींनी आधी चेंबरचा नट सोडला. पहिल्यांदा पाणी आले, मग काळे तेल. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते. मग नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल ओतले व चार दिवस तसेच ठेवले. काका टॉमी लावून जोर करणार होते. मिस्त्री म्हणाले, "दादा, जोर नका लावू, रॉड वाकंल."

हेडचे नट कडेकडून मधे, थोडे थोडे सैल केले. एकदम सोडले तर हेड वाकते. आम्हा मुलांना बॅटरी धरायचे व नट मोजायचे काम होते.

हेड निघाले आणि गंमत दिसली. चार सिलिंडर चकचकीत, दोनच गंजलेले! सहा सिलिंडरचे इंजिन थांबते तेव्हा साधारण दोन सिलिंडरच्या हवा आत घेणाऱ्या झडपा उघड्या राहतात. पावसाचे पाणी तिथूनच शिरले.

रॉडच्या टोप्यांवर मिस्त्रींनी पंचने खुणा केल्या, कारण एकीची टोपी दुसरीला चालत नाही. वरचा गंज पॉलिश पेपरने घासला, लाकडी ठोकळा धरून पिस्टन हळूहळू ठोकले. एक त्याच दिवशी सुटला. दुसरा तिसऱ्या दिवशी निघाला, त्याच्या रिंगा तुटल्या.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सुमारे सतरापट दाबली जाऊन इतकी तापते की डिझेल आपोआप पेटते. सिलिंडरला खड्डे असले तर हवा निसटते. मिस्त्रींनी आतून नख फिरवून पाहिले. एकात नख अडकले नाही, दुसऱ्यात अडकले. त्या एकाला नवीन स्लीव्ह बसवायची ठरली. भंगारवाल्याला काकूंनीच परत पाठवले.