बांध कोरला कुणी?

दोन हात रुंदीच्या बांधापायी मी सहा वर्षं तारखा केल्या. शेजारच्या आण्णांनी नांगरटीत बांध कोरलेला दिसला, तेव्हा त्यांच्या ओट्यावर जाऊन विचारायचं सोडून मी तालुक्याला गेलो आणि वकिलाची नोटीस धाडली. पोस्टमनने ती हातात ठेवली तेव्हा आण्णांचे व्याही शेजारीच बसले होते. पुढचं भांडण त्या नोटिशीचंच झालं, बांध नावाला.

गावात तंटामुक्त समिती होती, 2007 च्या मोहिमेत झालेली. पण तिच्यात माझे सख्खे चुलते. आण्णा आलेच नाहीत. तेव्हा त्यांना आडमुठं म्हणालो. आज म्हणेन, मीही गेलो नसतो. मध्यस्थ दोघांच्याही भावकीबाहेरचा बघा.

शेवटी न्यायाधीशांनीच प्रकरण मध्यस्थीकडे पाठवलं. मध्यस्थ एक वयस्कर वकीलबाई. त्यांनी आम्हाला आधी वेगवेगळं बसवलं. मला विचारलं, "बांध मिळाला तर त्या पट्ट्यात काय पेरणार?" मी गप्प. दोन हातांत काय पेरणार? आण्णांना त्यांनी विचारलं, ट्रॅक्टर कुठे वळवता? तिथे गाठ सापडली. बैलं विकल्यापासून शेताच्या टोकाला वळायला जागा पुरत नव्हती, आणि फाळ दरवेळी बांधात शिरत होता. मला त्यांच्या रानातून पाइपलाइन न्यायची होती, पण भांडणात मागायची कशी?

भूमी अभिलेखची मोजणी दोघांसमोर झाली. पश्चिमेला त्यांनी आमचं खाल्लेलं निघालं, पूर्वेला आम्ही त्यांचं. आमच्याकडून कुणी, वडिलांनी की आजोबांनी, देव जाणे. एकट्याने मोजणी आणली असती तर तीही "मॅनेज केलेली" ठरली असती.

ठरलं असं: हद्दीच्या खुणांवर दगड, टोकाला दोघांनी सहा-सहा फूट पडीक ठेवायचं, माझा पाइप तीन फूट खोलीवरून जाणार. खोलीसुद्धा लिहून घ्या; नांगर फुटावर लागला की नवा दावा. तडजोड पुरसीस दिली आणि लोकअदालतीत निवाडा करून घेतला. 1987 च्या कायद्याने त्याला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ आहे, त्यावर अपील नाही, भरलेली कोर्ट फीही परत मिळते. दावा न लावताही तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो, हे मला सहा वर्षं कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नव्हतं म्हणा.

तुमच्याकडे मारहाण, धमक्या चालू असतील तर मात्र आधी पोलीस, बैठक नंतर. आणि एकमेकांची जमीनच बारा वर्षांहून जास्त काळ कसत असाल, तर तलाठ्याकडे सलोखा योजनेची चौकशी करा. 2023 मध्ये त्या अदलाबदलीला मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी हजार-हजार रुपयेच ठेवली होती; सवलत अजून चालू आहे का, तेही विचारा.

दगड रोवताना खड्डा आण्णांच्या पोराने खणला, पहार माझी होती. चहा अजून दोघांपैकी कुणी पाजलेला नाही.