पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राचे सांधे गळूं लागल्यास

विंधन विहिरींचें पाणी जड लागूं लागल्यामुळें आमचे पुष्कळ शेतकरी बंधूंचे स्वयंपाकघरांत आतां ‘आरओ’ यंत्र आलें आहे. यंत्र घेतांना चौकशी पुष्कळ होते. पुढें त्याच्या नळ्यांकडे कोणी पाहत नाहीं. गळती लागली कीं खालीं पातेलें ठेवावयाचें व तालुक्याहून मिस्त्री येईपर्यंत आठवडा काढावयाचा, असा सर्वत्र प्रघात आहे. सेकंदास एक थेंब गळला व २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर आठ प्रहरांत सव्वाचार लिटर पाणी जातें. पण पाण्यापेक्षां दुसरें नुकसान मोठें होऊं शकतें. त्याचा अनुभव आम्हीं घेतला आहे.

सन २०२३ चे मे महिन्यांत आमचे घरच्या यंत्राचा एक सांधा पाझरूं लागला. आमची नोकरी खातेवह्यांत व उताऱ्यांत गेली. यंत्रविद्येचें शिक्षण आम्हांस नाहीं. आम्हीं सांध्यावर दोरा गुंडाळून वरून लांबी थापली, आणि दोन दिवस पाझर थांबला म्हणून स्वतःस शहाणे समजलों. तिसरे रात्रीं नळी सांध्यांतून निसटली. पलीकडील खोलींत पेरणीसाठीं ठेवलेलीं सोयाबीनचीं चार पोतीं होतीं. त्यांतील दोन सकाळीं भिजलेलीं आढळलीं. सोयाबीनचें टरफल नाजूक. एकदां फुगलेलें बीं वाळविलें तरी उगवणीचा भरंवसा राहत नाहीं. ऐन मृगाचे तोंडावर दोन पोतीं बियाणें नव्यानें विकत घ्यावें लागलें.

लांबी खरवडून पाहिलें, तों सांधा शाबूत होता; नळीचें टोंक मात्र कात्रीनें तिरपें कापलेलें होतें. त्यानंतर शेजाऱ्यांचीं पांचसात यंत्रें आम्हीं पाहिलीं. बहुतेक ठिकाणीं दोष टोंकाचाच निघाला.

याचें कारण सांध्याच्या रचनेंत आहे. यंत्रांतील नळी बाहेरून पाव इंच जाडीची असते. ती ज्या सांध्यांत ढकलून बसवितात, त्याचे तोंडाशीं एक कडें असतें. त्याचे बारीक पोलादी दांत नळीस धरून ठेवितात. पाणी अडविण्याचें काम मात्र दातांचें नव्हे; तें आंतील रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, करते. नळी ओ-रिंगेच्या पलीकडे जाऊन तळास टेकली व तिचा पृष्ठभाग गुळगुळीत असला, तरच पाणी अडतें. टोंक तिरपें, चेपलेलें किंवा ओरखडलेलें असलें, कीं तेवढ्या फटीतून पाणी वाट काढतें. ठिबकच्या नळींत चौरस इंचास सुमारें १५ पौंड दाब असतो. ह्या यंत्राच्या पंपापुढें तो ६० ते १०० पौंडही असूं शकतो. तेथें वरून थापलेली लांबी काय टिकणार!

गळती शोधतांना प्रथम विजेचें बटण बंद करून प्लग काढावा, कारण यंत्राचा अडॅप्टर बहुधा नळ्यांच्या जवळच असतो. मग सर्व सांधे कोरड्या फडक्यानें पुसावे व प्रत्येकाखालीं वर्तमानपत्राचा तुकडा अडकवावा. अडॅप्टर कोरडा असल्याची खात्री करून यंत्र पुन्हां चालू करावें. पाणी नळीवरून ओघळून खालीं टपकतें, म्हणून जेथें थेंब पडतो तेथेंच दोष आहे असें समजूं नये. जो सर्वांत वरचा कागद भिजेल, तो सांधा खरा.

सांधा सांपडल्यावर वीज व पाण्याचा कॉक बंद करावा आणि पाण्याचा जोर ओसरूं द्यावा. कड्यास निळी किंवा तांबडी चाप असल्यास ती काढावी, कडें बोटानें सांध्याकडे दाबून धरावें व नळी सरळ ओढावी. कडें न दाबतां ओढल्यास दांत नळीस ओरखडे पाडतात, आणि गळती दुप्पट होते. नळीचें टोंक अर्धा इंच, नव्या धारदार पात्यानें, अगदीं काटकोनांत कापावें; कात्री वापरूं नये. टोंकापासून पाऊण इंचावर पेन्सिलीची खूण करावी. नळी थोडी ओली करून ढकलावी. प्रथम अडल्यासारखी वाटते, तरी आणखी जोर देऊन तळास टेकवावी. खूण कड्याजवळ आली पाहिजे. शेवटीं नळी ओढून पाहावी. निसटतां कामा नये. कापल्यामुळें नळी ताणली जात असेल, तर तुकडाच नवा घालावा, कारण तिरका ताण पडला कीं चांगला सांधाही पाझरतो.

टेफ्लॉनची टेप फक्त आट्यांच्या सांध्यास, आटे आवळण्याच्या दिशेनें तीनचार फेरे, गुंडाळावी. ढकलून बसविण्याच्या नळीस ती गुंडाळणें व्यर्थ आहे. प्लास्टिकचे आटे हातानें बसवून पान्यानें फारतर पाव फेरा द्यावा. अधिक आवळल्यास तडा जातो, व तो दुरुस्त होत नाहीं. गाळणीच्या भांड्याची रबरी कडी पुसून घ्यावी, पण तिला खाण्याचें तेल किंवा व्हॅसलीन लावूं नये.

दुरुस्तीनंतर दहा मिनिटें यंत्र चालवून पाहावें, व सकाळीं पुन्हां. रात्रीं पाण्याचा कॉक बंद करून निजणें आम्ही आतां चुकवीत नाहीं. उंदीर नळी कुरतडतात, ही गोष्ट निराळी. दाण्याच्या कोठीजवळ यंत्र असल्यास चारसहा महिन्यांनीं पाठीमागें दिव्यानें पाहावें, आणि दोन हात नळी व एक जादा सांधा घरीं ठेवावा.