/टीएमपीत काय ठेवायचं, काय नाही

अगं, सर्व्हर डेबियन १३ वर नेलास ना? मग एक ध्यानात घे, तुझं /टीएमपी आता डिस्कवर नाही. ते टीएमपीएफएस झालंय, म्हणजे सरळ मेमरीत. यात नवलाईचं काही नाही हं. सन मायक्रोसिस्टिम्सच्या सनओएसमध्ये हे १९९० च्या सुमारासच होतं आणि फेडोरानेही २०१३ मध्ये /टीएमपी असंच मेमरीत हलवलं. डेबियनची मंडळी सावकाश निघाली, इतकंच.

आता सगळं भन्नाट पळणार, असं कुणी म्हणालं तर हुरळू नकोस. डिस्कवरची फाइलसुद्धा लिनक्स कॅशमध्ये धरतोच. वाचतं ते नंतर डिस्कवर उतरवण्याचं काम. घडीभर जगणाऱ्या बारक्या फाइलींना तेवढं पुष्कळ झालं.

गोची मोठ्या फाइलींची. सॉर्टचंच बघ. डेटा मेमरीत मावेना म्हणून तो तात्पुरत्या फाइली करतो, आणि ठेवतो कुठे? /टीएमपीत! कणगी भरली म्हणून धान्य पोत्यात काढायचं आणि पोतं पुन्हा कणगीतच ठेवायचं, तसला प्रकार. स्वॅप असेल तर मशीन रखडतं. नसेल तर कर्नल मेमरी सोडवायला एखादी प्रोसेस मारतो, बहुधा सगळ्यात जास्त मेमरी खाणारी, म्हणजे तुझा बिचारा डेटाबेस. आणि एवढं करूनही /टीएमपीतली फाइल जागच्या जागी. ती पुसेपर्यंत तिची मेमरी सुटत नाही. टॉपमध्ये ती कुणाच्या नावावर दिसतही नाही, म्हणून माणसं तासन् तास चाचपडतात. 'फ्री'मध्ये शेअर्डचा आकडा फुगलेला दिसला की 'डीएफ' लावून /टीएमपी बघत जा.

मर्यादा असते म्हणा. वेगळी दिली नाहीस तर रॅमच्या निम्मी, १६ जीबीला ८ जीबी. पण ती अडवून ठेवलेली नसते, भरेल तेवढीच खर्च होते. उगाच घाबरून अगदी तुटपुंजी करू नकोस. रॅमएफएस वापर असं कुणी सुचवलं तर मात्र साफ नाही म्हण. त्याला मर्यादा नाही आणि ते स्वॅपमध्येही जात नाही.

मोठ्या कामाला टीएमपीडीआयआर हा व्हेरिएबल /व्हार/टीएमपीकडे वळव. रीबूटनंतर हवं असेल तेही तिथेच ठेव. फक्त डेबियन १३ कोरं बसवलेल्या मशीनवर तीस दिवस हात न लागलेल्या फाइली तिथूनही साफ होतात, तेव्हा बॅकअप टाकून निवांत गावाला जाऊ नकोस.

हे सगळं नकोच वाटलं तर सिस्टिमडीमध्ये टीएमपी.माउंट मास्क कर आणि रीबूट कर, /टीएमपी परत डिस्कवर येईल. त्यात कसला आलाय कमीपणा? पण तुमच्याकडची ती रात्रीची डेटाबेस डंपची स्क्रिप्ट कुठे लिहिते, ते आज घरी निघायच्या आधी उघडून बघ.